मुलगी काटक असते, म्हणून?

आज आम्ही तुम्हाला थोडा इतिहास सांगणार आहोत. राजे-महाराजांचा नाही आणि लढायांचाही नाही. आईच्या पोटातून बाहेर आलेल्या मुठीएवढ्या हृदयाचा हा इतिहास आहे. मुलाचं हृदय आणि मुलीचं हृदय जन्मानंतर सारखंच चालतं का, हे माणसाला कसं कळत गेलं, त्याची ही गोष्ट.

हा विषय आम्ही मुद्दाम शोधला नाही. तो आमच्याच बैठकीत येऊन बसला. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी नात झाली. दवाखान्यात सुखरूप बाळंतपण झालं, पाचवी झाली, बारसं झालं. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताई सांगू लागल्या, की पोर अंगावर पिताना मधेच थांबते, धापा टाकते आणि कपाळावर घाम येतो. आशाताईंनी वजन केलं तर ते हवं तसं वाढलेलं नव्हतं. आशाताई म्हणाल्या, "तालुक्याला दाखवा." पण घरातल्या थोरल्या आजी म्हणाल्या, "अगं, पोरीची जात काटक असते. पोराला जपावं लागतं. हिला काय होतंय?"

याच घरात दोन वर्षांपूर्वी नातवाला ताप आला, तेव्हा रात्री बाराला जीप ठरवून त्याला तालुक्याला नेलं होतं. ते आम्हाला माहीत होतं. तरी त्या दिवशी बैठकीत आजींचं बोलणं ऐकून आम्ही काय केलं? आम्ही मान डोलावली. "खरंय, मुली चिवट असतात," असं आमच्यातल्याच दोघी-तिघी म्हणाल्या. मग हप्त्याचा हिशोब सुरू झाला.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण "मुलगी काटक असते" हे वाक्य आमच्या मनातून जाईना. हे खरं आहे की नुसतं बोलणं आहे? खरं असेल तर किती खरं? मग आम्ही वाचायला बसलो, आमच्या भागातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, आणि जे हाती आलं ते तुमच्यासमोर मांडतो आहोत.

पाटाचं पाणी वळतं तसं

आधी हृदयाचं काम समजून घेऊ. पोटात असताना बाळ नाकाने श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो आईच्या वारेतून, नाळेच्या वाटेने. फुप्फुसं तेव्हा मिटलेली आणि पाण्याने भरलेली असतात. मग तिकडे सगळं रक्त पाठवून काय उपयोग? म्हणून निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत एक झडपेची खिडकी असते. आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. या दोन वाटांनी बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून पुढे जातं.

बाळ जन्मतं, रडतं आणि छाती फुगते. त्या पहिल्या काही श्वासांत फुप्फुसं उघडतात आणि रक्त तिकडे धावतं. नाळ बंद होते, वारेचा रस्ता संपतो. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि खिडकीची झडप आपोआप लागते. रक्तातला प्राणवायू वाढला की ती नळीही आकसू लागते, आणि दोन-तीन दिवसांत मिटते. पाटाचं पाणी एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्या वाफ्यात घ्यावं, तसंच हे. फरक इतकाच, की शेतात हे काम करायला हातात फावडं घेतलेलं माणूस असतं. इथे ते बाळाचं बाळच करतं.

या दोन आडवाटा सुमारे अठराशे वर्षांपूर्वी गेलेन नावाच्या वैद्याला दिसल्या होत्या. पण त्यांचं काम काय, ते त्याला नीट उमगलं नव्हतं. इंग्लंडच्या विल्यम हार्वे याने १६२८ साली शरीरात रक्त गोल फिरतं हे मांडलं, तेव्हा पोटातल्या बाळाचं रक्त फुप्फुसांना टाळून जातं हेही त्याने सांगितलं. प्रत्यक्ष फिरतं रक्त डोळ्यांनी दिसायला मात्र पुढे तीनशे वर्षं लागली. १९३९ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराच्या हृदयातून वाहणारं रक्त क्ष-किरणांच्या चित्रपटात टिपलं. बाळाच्या हृदयाबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं बरंच त्याने मेंढीकडून शिकलेलं आहे.

म्हाताऱ्यांनी सांगितलं, दुकानदाराने मोजलं

आता मुलगा आणि मुलगी यांच्याकडे वळू. दोघांत काही फरक आहे हे पहिल्यांदा कळलं ते डॉक्टरांना नाही, तर एका दुकानदाराला. लंडन शहरात जॉन ग्राँट नावाचा कापड-बटणांचा व्यापारी होता. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला किती माणसं मेली आणि कशाने मेली, याचे तक्ते छापले जात. ही माहिती गोळा कोण करायचं? त्या त्या वस्तीतल्या वयस्क बायका. घरात कोणी गेलं की या म्हाताऱ्या तिथे जायच्या, प्रेत पाहायच्या, चौकशी करायच्या आणि कारण सांगायच्या. ग्राँटने अनेक वर्षांचे तक्ते जमवले आणि बेरजा केल्या. १६६२ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात त्याने दाखवलं, की जन्म मुलग्यांचे जास्त होतात, १३ मुलींमागे १४ मुलगे असं साधारण प्रमाण पडतं. आणि मरणंही पुरुषांचीच जास्त होतात.

मैत्रिणींनो, आम्हाला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. या सगळ्या शोधाच्या मुळाशी त्या म्हाताऱ्या बायकांचं दारोदार फिरणं होतं. आज आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई वहीत जे लिहितात, ते याच घराण्यातलं काम आहे.

ग्राँटनंतर सव्वाशे वर्षांनी, १७८६ साली, आयर्लंडमधल्या डब्लिनच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातला डॉक्टर जोसेफ क्लार्क याने या प्रश्नावर लेख लिहिला. त्याच्या दवाखान्यात जन्मतानाच गेलेल्या किंवा जन्मून लगेच गेलेल्या बाळांत मुलगे जास्त होते. त्याने नवजात मुलामुलींची वजनं केली, डोक्यांचे घेर मोजले. मुलग्यांची डोकी थोडी मोठी निघाली. मोठ्या डोक्यामुळे जन्मताना मुलग्याला जास्त त्रास होतो, असा त्याने अंदाज बांधला. त्याचं उत्तर अर्धंच होतं. पण नवजात मुलगा हा मुलीपेक्षा थोडा जास्त नाजूक असतो, हे मोजून सांगणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत तो होता.

म्हणजे आजींचं वाक्य अगदीच हवेतलं नाही. पुढे जगभर मोजलं गेलं, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या महिन्यात मुलगे जास्त दगावतात असंच दिसलं. १९७१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर याला "मुलग्यांची पडती बाजू" अशा अर्थाचं नावच दिलं गेलं.

ठोके मोजून मुलगी ओळखता येते का?

ठोक्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगणं गरजेचं आहे. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक या डॉक्टरने छाती ऐकण्याची नळी शोधून काढली. दोनच वर्षांत, १८१८ साली, जिनिव्हाच्या मेयर नावाच्या डॉक्टरने आईच्या पोटाला कान लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले. पोटातलं बाळ जिवंत आहे की नाही, हे कळायला मोठाच आधार झाला. पण माणसाचं मन बघा. १८५९ साली जर्मनीत फ्रांकेनहॉयझर नावाच्या डॉक्टरने सांगितलं, की ठोके मोजून मुलगा की मुलगी हे ओळखता येईल. मुलीचे ठोके जलद, मुलाचे सावकाश. म्हणजे बाळ ठीक आहे का हे ऐकायला मिळालेल्या वाटेने मुलगी आहे का हे शोधायला माणूस निघाला.

पुढे अनेकांनी तपासून पाहिलं आणि हे खोटं ठरलं. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात, आणि ते क्षणोक्षणी बदलतात. बाळ झोपलं की कमी, हललं की जास्त. त्यावरून लिंग सांगता येत नाही. पण ही समजूत अजून मेलेली नाही. आमच्याच गावात एका सुनेला "ठोके जास्त आहेत, मुलगीच" असं सांगून रडवलेलं आम्ही पाहिलं आहे. तिला पुढे मुलगा झाला. आणि मुलगी झाली असती, तरी रडायचं कशाला? पोटातल्या बाळाचं लिंग शोधणं आणि सांगणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. असा कायदा करण्यात आपलं महाराष्ट्र राज्य देशात पहिलं होतं, १९८८ साली. देशाचा कायदा नंतर १९९४ साली आला.

जन्मल्यानंतर मात्र ठोक्यांत बारीक फरक सापडला आहे. २००० साली हंगेरी देशातल्या सेगेद शहरात नवजात बाळांचे ठोके यंत्राने मोजले. शांत पडलेलं असताना मुलग्यांचे ठोके सरासरीने मुलींपेक्षा थोडे कमी भरले. पण हा सरासरीचा हिशोब आहे. शंभर मुलगे आणि शंभर मुली मोजल्या तर दिसणारा फरक. पाळण्यातल्या एका बाळावरून त्यातलं काही सांगता येत नाही. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळांत मुलाचं आणि मुलीचं हृदय जवळजवळ सारखंच काम करतं.

खरा फरक दिसतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांत

१९६३ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला. वजन दोन किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. जगातली सगळ्यात मोठी सत्ता बापाच्या हातात होती, मोठमोठे डॉक्टर धावून आले, पण बाळ ३९ तासांत गेलं. त्याची फुप्फुसं पिकलेली नव्हती. फुप्फुसाच्या आत साबणाच्या फेसासारखा एक पदार्थ असावा लागतो, त्यामुळे श्वास सोडल्यावर ती पुन्हा चिकटत नाहीत. मेरी एलन एव्हरी या बाई डॉक्टरने १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं, की अशा बाळांत हा पदार्थ कमी असतो. पण तेव्हा उपाय सापडलेला नव्हता.

आता यात हृदयाचा संबंध काय? फुप्फुसं उघडली नाहीत, तर मघाशी सांगितलेली आडवाटेची नळी मिटत नाही. रक्त चुकीच्या वाटेने फिरत राहतं, प्राणवायू कमी पडतो आणि हृदयावर ताण येतो. पोटातल्या मुलीची फुप्फुसं मुलापेक्षा थोडी आधी पिकतात. म्हणून तितक्याच दिवसांची मुलगी आणि मुलगा आधी जन्मले, तर मुलगा जास्त धोक्यात असतो. स्वीडनमध्ये २००४ साली हेच दिसलं. अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांना सुरुवातीला श्वासाला आणि रक्तदाबाला, दोन्हींना मुलींपेक्षा जास्त मदत लागली. पुढे ऑस्ट्रेलियात आढळलं, की अशा मुलग्यांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पहिल्या दिवशी जास्त सैल पडतात. बारीक वाहिन्या सैल पडल्या की रक्तदाब उतरतो, मोटारीचं पाणी फुटक्या पाइपातून जिरावं तसा. मुलींचं शरीर तो दाब जास्त चांगला धरून ठेवतं. यामागे संप्रेरकं आहेत, वाढीचा वेग आहे. कारण एकच एक नाही.

यावरचा एक मोठा उपाय पुन्हा मेंढीकडूनच आला. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की एक औषध दिलेल्या मेंढीचं कोकरू फार लवकर जन्मूनही श्वास घेतंय. १९७२ साली त्यांनी आणि हॉवी यांनी दाखवलं, की दिवस भरण्याआधी कळा लागलेल्या आईला ते इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही हे इंजेक्शन असतं. म्हणून आठव्या महिन्यात कळा लागल्या तर "बघू सकाळी" म्हणू नका. ते इंजेक्शन बाळ जन्मायच्या आधी पोचावं लागतं.

पाच गोष्टींचा कागद

या इतिहासात व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांचं नाव घेतलंच पाहिजे. अमेरिकेतल्या या बाईंना सर्जन व्हायचं होतं. शिक्षणही पुरं केलं होतं. पण बाईला सर्जन म्हणून काम मिळणं अवघड, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भुलीच्या शास्त्राकडे वळवलं. त्या काळी बाळ जन्मलं की सगळे आईकडे बघायचे. निळं पडलेलं बाळ बाजूला राहायचं. १९५२ साली अ‍ॅपगारबाईंनी पाच गोष्टी ठरवल्या: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, चिमटा घेतल्यावर होणारी हालचाल आणि अंगाचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मिनिटाला शंभराच्या वर असले तर दोन, खाली असले तर एक, नसले तर शून्य. पाचही गोष्टींत त्यांनी सगळ्यात जास्त वजन ठोक्यांना दिलं. १९५३ साली ते छापून आलं, आणि आज जगभर बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला हे गुण देतात.

या पाच गोष्टींत एक सहावी गोष्ट नाही. मुलगा की मुलगी, याला गुण नाहीत. शंभराच्या खाली ठोके असतील तर हात तितक्याच घाईने हलले पाहिजेत, मग बाळ कोणतंही असो.

चार मुली

आता आम्हाला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट. जन्मतः हृदयात दोष असणारी बाळं सगळ्या देशांत, सगळ्या जातीधर्मांत असतात. शंभर बाळांत साधारण एकाच्या हृदयात लहानमोठा दोष असतो. काही दोष मुलांत जास्त सापडतात. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल हा त्यांतला एक, आणि तो पहिल्याच दिवसांत जिवावर बेततो. पण दोन दोष मुलींत जास्त सापडतात, मुलग्यांच्या जवळपास दुप्पट. कोणते? आपल्या त्याच दोन आडवाटा. न मिटलेली नळी, आणि वरच्या कप्प्यांमधल्या भिंतीतलं छिद्र.

म्हणजे पहिल्या आठवड्यात काटक असलेली मुलगी हृदयात उघडी वाट घेऊन जगत राहू शकते. ती लगेच दगावत नाही. रडते, हसते, रांगते. फक्त दमते, वजन धरत नाही, सारखी छाती भरते. ती काटक आहे म्हणूनच तिचा आजार झाकून राहतो.

आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांचा इतिहास पाहा. १९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी न मिटलेली नळी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली, ती सात वर्षांच्या मुलीची. १९४४ च्या २९ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये निळ्या पडणाऱ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली, ती पंधरा महिन्यांच्या मुलीवर. ती कल्पना हेलन टाउसिग या बाई डॉक्टरची. त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून त्या बाळांच्या छातीवर हात ठेवून हृदय तपासत. शस्त्रक्रिया केली ब्लॅलॉक यांनी. त्यांच्या मागे उभं राहून सूचना देत होते व्हिव्हियन थॉमस, प्रयोगशाळेतले कृष्णवर्णीय सहायक, ज्यांनी ती आधी कुत्र्यांवर करून बसवली होती आणि ज्यांना कॉलेजात जाऊन डॉक्टर होता आलं नव्हतं. १९५२ साली हृदय उघडून आतलं छिद्र डोळ्यांसमोर शिवलं गेलं, ती पाच वर्षांची मुलगी. आणि १९५३ साली हृदय-फुप्फुसाचं यंत्र लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, ती अठरा वर्षांची मुलगी.

चारही वेळा मुलगी. चारही वेळा कुणीतरी आईबाप दारात उभे होते, जे म्हणाले, "आमच्या लेकीसाठी करून बघा." तेव्हा ना खात्री होती, ना आधीचा अनुभव.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडेही बाळाच्या मरणाने पेटून उठलेली एक बाई होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेत गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी गेल्या. एका बाळाच्या मरणातून एक डॉक्टर उभी राहिली, हे आपण लक्षात ठेवू.

आणि आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ऊब आणि औषध देत. १९९९ साली जगापुढे आलं, की त्या गावांत पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बाळाच्या भेटीला घरी येतात, त्यामागे हा अनुभव आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निसर्गाने मुलीला पहिल्या दिवसांत थोडी जास्त ताकद दिली. म्हणजे पाच वर्षांच्या आत मुलग्यांपेक्षा मुली कमी दगावायला हव्यात. बहुतेक देशांत तसंच आहे. आपल्या देशात मात्र कितीतरी वर्षं उलट होतं, मुली जास्त दगावत. अलीकडे ही दरी कमी झाली आहे, हे चांगलं आहे. पण ती पडली कशी? हृदयाने नाही पाडली. ती घराने पाडली. आणि जन्माआधीचं म्हणाल, तर महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ राहिल्या.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयातला एक अभ्यास २०११ साली छापला गेला. हृदयाची शस्त्रक्रिया करा असं ज्या मुलामुलींना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी शस्त्रक्रिया प्रत्यक्षात झाली किती जणांची? मुलग्यांत शंभरातल्या ७० जणांची. मुलींत ४४. डॉक्टर तेच, दवाखाना तोच, सल्ला तोच.

आमचं रजिस्टर

हे आकडे वाचून आम्ही "अरेरे" म्हणालो. दिल्ली लांब आहे, असंही मनात आलं. मग एकीने कर्जाचं रजिस्टर काढलं. आजारपणासाठी दिलेलं कर्ज, असा रकाना आमच्याकडे आहे. गटाच्या सुरुवातीपासूनच्या नोंदी आम्ही एकेक करून वाचल्या. नातवाचं ऑपरेशन, मुलाचा ताप, मुलाचा हात मोडला, नातवाचा न्यूमोनिया. मुलींच्या नावाच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. कर्ज आम्ही कधी नाकारलं नव्हतं. ते कुणी मागितलंच नव्हतं. आणि का मागत नाही, हे आम्ही विचारलं नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच नातीच्या आजी, ज्यांनी पोरीची जात काटक म्हटलं होतं, त्या म्हणाल्या, "माझ्या दोन नणंदा अशाच गेल्या. दमायच्या. कुणी नेलंच नाही."

तर आता त्या नातीचं. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली, तेव्हा ती पोर आठ महिन्यांची होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाज वेगळा होता. जिल्ह्याला सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, आणि नळी उघडी असल्याचं निघालं. पुढे मोठ्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून ती बंद केली. उपचाराचा खर्च योजनेतून झाला. जाण्यायेण्याचं आणि मुक्कामाचं कर्ज गटाने दिलं. आज ती अंगणवाडीत पळते आणि भांडते. पण पहिल्या महिन्यात घाम दिसला होता, आणि आम्ही मान डोलावून सात महिने घालवले. तिला ते सात महिने पुरले, हे तिचं नशीब. प्रत्येकीला पुरतील असं नाही.

ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा पथक येतं. त्या दिवशी मुलीला शेतात नेऊ नका, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवू नका.

आणि या खुणा लक्षात ठेवा, मुलगा असो वा मुलगी. पिताना थांबणं, धाप लागणं, कपाळावर घाम येणं. ओठ आणि जीभ निळी दिसणं. बाळ शांत असताना मिनिटात साठ किंवा जास्त श्वास. वजन न वाढणं, सारखी छाती भरणं. यातलं एक जरी दिसलं तर आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा. ओठ-जीभ निळी दिसली तर त्याच घटकेला निघा. काही छिद्रं आपोआप मिटतात हे खरं आहे. पण कोणतं मिटेल आणि कोणतं नाही, हे आजीने, आईने किंवा गटाने ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आमच्या गटाने त्या दिवसापासून एक नियम केला. दर महिन्याच्या बैठकीत हप्ता गोळा होण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "कुणाच्या घरी लेक, नात आजारी आहे का?" नुसता "कुणी आजारी आहे का" असं विचारलं, तर मुलींची नावं येत नाहीत. मुलींचं वेगळं विचारावं लागतं. तुमच्याही गटात विचारून पाहा, आणि तुमचंही रजिस्टर एकदा उघडा.

मुलगी काटक असते, हे साडेतीनशे वर्षांच्या मोजणीने खरं ठरवलं आहे. ती ताकद तिची स्वतःची आहे. आपण तिला दवाखान्यात न नेण्याचं कारण म्हणून ती वापरायची नाही.